पावती हेल्मेटची, अपघात मोबाईलचा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी एसटीचा निवृत्त चालक. २९ वर्षे स्टेअरिंगवर काढली, त्यातली निम्म्याहून अधिक सातारा-स्वारगेट मार्गावर. वर्तमानपत्राला पत्र लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. डाव्या मनगटाचे प्लास्टर निघाले आहे, पण मूठ अजून पूर्ण वळत नाही. हे पत्र उजव्या हाताने लिहितो आहे आणि डाव्या हाताने कागद नुसता दाबून धरला आहे.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी क्षेत्र माहुलीला राहतो. सकाळी सातच्या सुमारास कोरेगाव रस्त्याने साताऱ्याच्या दिशेला फिरायला जायचे, टपरीवर चहा घ्यायचा आणि परत यायचे, हा निवृत्तीनंतरचा नेम. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून मी नेहमी रस्त्याच्या उजव्या कडेने चालतो. त्या दिवशीही गाडी दिसली. मोटारसायकल होती, वेग फार नव्हता, तीस-पस्तीस असेल. जन्मभर समोरून येणाऱ्या गाड्यांचा वेग नुसत्या नजरेने मोजला आहे, त्यात माझी चूक होत नाही. चालवणाऱ्या मुलाची मान डाव्या खांद्यावर कललेली होती. कान आणि खांदा यांच्या मध्ये फोन दाबून तो बोलत होता. डोळे रस्त्याकडे होते, पण त्याला मी दिसत नव्हतो. गाडी हळूहळू कडेला सरकत माझ्याच अंगावर आली. मी "अरे ए!" म्हणून ओरडलो. मागे गटार असल्याने सरकायला जागा नव्हती. हँडलचा दणका बसला आणि मी हातावरच पडलो.

पडल्या जागी मला जे पहिले ऐकू आले, ते अजून कानातून जात नाही. मुलगा पलीकडे पडला होता, गाडीचे चाक फिरत होते आणि डांबरावर पडलेल्या फोनमधून एक माणूस बोलत होता, "हॅलो... अरे कुठवर आलास? हॅलो! आवाज येतोय का?" टपरीवाल्याने फोन उचलला. बोलणे सुरू होऊन सहा मिनिटे झाली होती, हे त्याने स्क्रीनवर पाहिले आणि मला तिथेच सांगितले.

सहा मिनिटे हा आकडा मी दवाखान्यात पडल्या पडल्या सारखा मनात फिरवत होतो. पस्तीसच्या वेगाने सहा मिनिटांत गाडी साडेतीन किलोमीटर येते. म्हणजे शहराच्या वेशीवर जिथे रोज सकाळी वाहतूक पोलीस उभे असतात, तो नाका या मुलाने फोन कानाला असतानाच ओलांडला असणार. तेव्हा हा नुसता माझा हिशेब होता. त्याचा पुरावा मला पुढे पंधरा दिवसांनी बघायला मिळाला.

मुलगा वाईट नाही, हे आधी सांगतो. वय वीस. दुधाचे पदार्थ दुकानादुकानांत पोचवण्याचे काम करतो. मला रिक्षात घालून दवाखान्यात त्यानेच नेले आणि नंतर आईला घेऊन घरी भेटायला आला. आई दारातच रडायला लागली. आमच्या मंडळींनी त्यांना पाणी दिले, बसवले. बोलता बोलता तो म्हणाला, "आजोबा, त्या दिवशीची एक पावती पण आलीय." त्याने फोनवर ई-चलान उघडून दाखवले. विनाहेल्मेट. तारीख तीच, जागा तोच नाका आणि वेळ अपघाताच्या चार-पाच मिनिटे आधीची. सोबत फोटो. पोलिसांनी मागून काढलेला, नंबर प्लेट ठळक दिसेल असा. मी चष्मा लावून तो फोटो मोठा करून पाहिला. नंबर प्लेटच्या वर मुलाची पाठ आणि पाठीच्या वर डाव्या खांद्यावर कललेली मान.

संपादक महोदय, फोटो काढणाऱ्याच्या समोरून तो मुलगा फोनवर बोलत गेला. त्याची उघडी टाळू दिसली आणि तिचा दंड झाला. कललेली मान दिसली नाही. दिसली असेल तरी तिच्यासाठी कोणी हात आडवा केला नाही. त्या वेळी शिट्टी वाजवून त्याला बाजूला घेतले असते, तर पलीकडून बोलणाऱ्याला "साहेबांनी धरलंय, नंतर करतो" एवढे सांगून त्याने फोन खिशात टाकला असता आणि मी चहा पिऊन घरी गेलो असतो.

हेल्मेटची कारवाई चुकीची आहे असे मी म्हणत नाही. हेल्मेट घातलेच पाहिजे. पण हेल्मेट नसले तर चालवणाऱ्याचे स्वतःचे डोके फुटते, फोन असला तर दुसऱ्याचे हाड मोडते. आणि हेल्मेटचा गुन्हा मागून, लांबून, गाडी न थांबवता टिपता येतो, म्हणून तोच जास्त टिपला जातो, असे माझे मत झाले आहे. फोनचा गुन्हा पकडायचा तर माणसाला थांबवावे लागते. सध्या आमच्याकडे थांबवणेच बंद झाले आहे. गाडी जाते, फोटो निघतो, संदेश येतो. तोही कधी दोन दिवसांनी, कधी आठ दिवसांनी. एवढ्या दिवसांत तो माणूस फोनवर बोलत किती वेळा त्याच रस्त्याने जाऊन आलेला असतो! पुढे चलाने साठली की लोकअदालतीत जाऊन रक्कम कमी करून घेतात. हा मुलगाही मला सांगत होता, "आजोबा, माझ्यावर तीन पावत्या हायत, पण मोबाईलची एक पण न्हाई." तो रोज बोलत जात होता, आणि पावत्या पाहून त्याला वाटत होते की गुन्हा काय तो हेल्मेटचा आणि ट्रिपल सीटचा.

आता फिर्यादीविषयी. हवालदार दवाखान्यात आले, मी सगळे सांगितले. फोनचे सांगितले, टपरीवाल्याचे सांगितले. चष्मा घरी राहिला होता, त्यांनी लिहून घेतले आणि मी सही केली. नंतर प्रत हातात आली तेव्हा वाचले: "आपल्या ताब्यातील मोटारसायकल हयगयीने व भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून..." भरधाव! तीस-पस्तीसच्या गाडीला भरधाव म्हटले होते आणि मोबाईल हा शब्द अख्ख्या कागदात नव्हता. मी ठाण्यात जाऊन विचारले. हवालदार सज्जन माणूस, त्यांनी खुर्ची दिली आणि खरे ते सांगितले. "काका, फिर्यादीची भाषा ठरलेली असते. मोबाईल लिहिला की सिद्ध करणं आलं. कंपनीकडनं सीडीआर, म्हणजे कॉलची नोंद, मागवा, वेळ जुळवा, साक्षीदार उभा करा. भरधाव लिहिलं की काम होतं."

ही गोष्ट मला मनगटापेक्षा जास्त लागली. कारण ती माझ्या एकट्यापुरती नाही. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अपघातांचा अहवाल दरवर्षी निघतो. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली. त्यातली १,१९,९०४ अतिवेगाच्या खात्यावर आणि मोबाईलच्या खात्यावर फक्त ३,३९५. हे आकडे शेवटी ठाण्या-ठाण्यांतल्या कागदांवरूनच वर जातात. माझ्यासारखे किती अपघात "भरधाव" या एका शब्दाखाली मोबाईलच्या रकान्यातून अतिवेगाच्या रकान्यात गेले असतील? रकाना रिकामा दिसला की वरच्या साहेबांना वाटते, मोबाईलचा त्रास एवढा नाही. मग बंदोबस्त दुसरीकडे लागतो.

कायदा मात्र लंगडा नाही. माझ्या नुकसानभरपाईचे काम पाहणाऱ्या वकीलबाईंनी मला पुस्तक उघडून एकेक कलम वाचून दाखवले. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८४. २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातातल्या फोनचा वापर हा सिग्नल तोडणे आणि उलट्या बाजूने गाडी घालणे यांच्या पंगतीला, "धोकादायक वाहन चालवणे" या सदरात बसवला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये, किंवा दोन्ही. पण त्याच दुरुस्तीने कलम २०० मध्ये एक दारही उघडले. १८४ मधल्या गुन्ह्यांपैकी फक्त फोनचा गुन्हा जागच्या जागी पैसे भरून मिटवता येतो. इथवरच सगळ्यांना ठाऊक असते. पुढचे वाक्य कोणी वाचत नाही. पैसे भरून मिटवले तरी परवान्यावरची कारवाई टळत नाही, असे त्याच कलमात लिहिले आहे. कलम २०६ प्रमाणे पोलिसाने परवाना ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवायचा आणि कलम १९ प्रमाणे आरटीओ त्या माणसाचे म्हणणे ऐकून पहिल्या वेळी तीन महिने परवाना बंद ठेवू शकतो, पुन्हा सापडला तर रद्द करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने रस्ता सुरक्षेसाठी नेमलेल्या न्या. के. एस. राधाकृष्णन यांच्या समितीने तर २०१५ मध्येच राज्यांना सांगितले होते की गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करा.

आमच्या ओळखीत, नात्यात, गावात फोनपायी ज्याचा परवाना तीन महिने गेला, असा एक माणूस मला अजून भेटलेला नाही. हजार रुपये माणूस विसरतो. परवाना नसताना तीन महिने कामावर जाताना दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसावे लागले, तर ते घरातली पोरेबाळेसुद्धा विसरणार नाहीत.

मी चालक आहे म्हणून एक हिशेब सांगतो. ताशी ५० किलोमीटरने गाडी एका सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. आमची एसटी त्याहून आखूड असते. कोणाचा फोन आहे हे बघायला मान खाली घातली आणि तीन सेकंद गेले, की तीन एसट्या एकामागे एक उभ्या केल्या तेवढे अंतर तुम्ही डोळे मिटून गेलात. मी खंबाटकी घाटात अशा रीतीने पुढच्या गाडीवर गेलेल्या गाड्या पाहिल्या आहेत. चालकाला काही कळायच्या आत झालेले असते.

एसटीत आमच्या डोक्याच्या वर पाटी असायची, "वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये." तेव्हा मोबाईल नव्हते. गाडीतल्या गाडीत, शेजारी उभ्या माणसाशी बोलायलासुद्धा बंदी होती आणि आम्ही ती पाळायचो. मोबाईल आले तेव्हा मी माझा कंडक्टरकडे ठेवायला लागलो. एकदा स्वारगेटला जाताना शिरवळच्या आसपास घरून फोन आला. वडिलांना झटका आला होता, दवाखान्यात हलवले होते. कंडक्टरने ऐकून घेतले, फोन बॅगेत ठेवला आणि तिकिटे फाडत राहिला. स्वारगेटला सगळे प्रवासी उतरल्यावर त्याने मला बाजूला घेऊन सांगितले. त्याचा चेहरा असा झाला होता, की माझ्याआधी त्यालाच पाणी द्यावे लागले. मी त्याला एक शब्द बोललो नाही. मागे पन्नास माणसे बसली होती, ते वळण मी कसे घेतले असते? वडील त्यातून उठले आणि पुढे चार वर्षे जगले. तो कंडक्टर आजही दिवाळीला घरी येतो.

मार्च २०२५ मध्ये दादर-स्वारगेट ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवत क्रिकेटचा सामना बघत होता, ही बातमी आपण सर्वांनी वाचली. त्याला कामावरून काढले. पण त्याला प्रवाशाने टिपले आणि चित्रफीत थेट परिवहनमंत्र्यांकडे पाठवली, तेव्हा ते झाले. मी ती बातमी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा मान खाली गेली, कारण ती गाडी आमच्या एसटीची. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा आहे. केरळने तर जून २०२३ पासून राज्यभर कॅमेरे लावून हेल्मेट, सीटबेल्ट आणि मोबाईल टिपायला सुरुवात केली. चांगलेच आहे. पण कोरेगाव रस्त्यावर, रहिमतपूर रस्त्यावर, तालुक्याच्या कुठल्याही रस्त्यावर कॅमेरा कधी येणार? तिथे माणूसच लागणार.

आणि माणसाने कसे पकडायचे, हेही एसटीने मला शिकवले आहे. आमच्याकडे लाईन चेकिंगवाले, म्हणजे वाटेत गाडी थांबवून तपासणारे, असत. ते स्टँडवर उभे राहून वाट बघत नसत, कुठल्या तरी आडबाजूच्या थांब्यावर प्रवाशासारखे उभे राहायचे आणि गाडीला हात करायचे. पोलिसांनी तसेच करावे. एकाने साध्या वेशात नाक्याच्या दोन-तीनशे मीटर अलीकडे उभे राहावे, फोनवरचा माणूस दिसला की वॉकीटॉकीवर नंबर सांगावा आणि नाक्यावरच्या दुसऱ्याने ती गाडी बाजूला घ्यावी. गणवेश बघितला की फोन मांडीत जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री नाकाबंदी करून एकेका चालकाच्या तोंडाला यंत्र लावता येते, तर आठवड्यातून दोन सकाळी एवढे नक्की जमेल.

पोलिसांची अडचण मला कळत नाही असे नाही. उन्हात, धुरात आठ-आठ तास उभे राहायचे, हात केला तर पोरे गाडी अंगावर घालतात, कोणाला थांबवले की तो लगेच कोणाला तरी फोन लावून देतो आणि वर "वसुली चाललीय" म्हणून लोक हिणवतात. पण काही पोलीस बांधवसुद्धा ड्युटीवर जाताना मान कलती करून बोलत जाताना मी पाहिले आहेत. कायदा राबवणाऱ्यानेच कायदा मोडला तर त्याला दुप्पट शिक्षा, असे कलम २१० ब सांगते. वरिष्ठांनी त्याची सुरुवात आपल्या ठाण्याच्या आवारातून करावी. तेवढे केले तर नाक्यावरच्या शिपायाचे वजन वाढेल.

दुसरी विनंती फिर्यादीच्या भाषेची. जिथे जखमी माणूस स्वतः सांगतो की समोरचा फोनवर होता, तिथे ते त्याच्या शब्दांत लिहा. सिद्ध होणे न होणे कोर्टात बघू. पंचनाम्यात फोन कुठे पडला होता, चालू होता की बंद, हे घ्या. माझ्या प्रकरणात वकीलबाईंनी पुरवणी जबाबासाठी अर्ज दिला आहे. टपरीवाला साक्षीला तयार आहे.

तिसरी गोष्ट लिहू की नको, असे दोन दिवस मनात होते. त्या सहा मिनिटांच्या फोनवर पलीकडे जो माणूस होता, तो मुलाचा मालक. मुलगा गाडीवर आहे हे त्याला पक्के ठाऊक होते, कारण "कुठवर आलास" हाच त्याचा प्रश्न होता. कलम १८८ म्हणते, १८४ च्या गुन्ह्याला जो चिथावणी देतो, साथ देतो, त्यालाही तीच शिक्षा. ते अशा मालकाला लागू पडेल की नाही, हे कायद्याच्या जाणकारांनी ठरवावे. मला एवढे दिसते की गाडीवरची ही वीस वर्षांची पोरे हौसेने बोलत नाहीत. फोन उचलला नाही तर खाडा लागतो, शिव्या बसतात. नकाशा बघण्यापुरता फोन वापरायला ऑक्टोबर २०२० पासून नियमाने मुभा दिली आहे, तीही लक्ष विचलित न होता. मालकाचा हिशेब देण्यासाठी दिलेली नाही.

गेल्या रविवारी तो मुलगा पुन्हा येऊन गेला. आता फोन डिकीत टाकून गाडी चालवतो म्हणाला. दुकानाशी थांबला की मगच बघतो. मी पाठीवर हात ठेवला, तर तो खाली बघत राहिला. मग आमच्या मंडळींनी विचारल्यावर म्हणाला, त्या आठवड्यात सात फोन उचलले नाहीत म्हणून मालकाने त्याला दोन दिवस कामावर घेतले नाही आणि त्या दोन दिवसांचे पैसे कापले. त्याच्या हेल्मेटच्या पावतीची कागदोपत्री वसुली होईलच. या मालकाला मात्र आमच्या भागातल्या अधिकाऱ्यांनी एकदा ठाण्यात बोलावून समोर बसवावे, एवढी माझी आपल्या पत्रामार्फत विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक
क्षेत्र माहुली, जि. सातारा